नळ आला, आता सांडपाण्याची वाट काढा

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे आता नुसते खेडे राहिलेले नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा भाग जमिनीखालच्या कोळशासाठी आणि चुनखडीसाठी ओळखला जातो. बिर्ला कॉर्पोरेशनच्या सिमेंट कारखान्यात इथे २०२२ मध्ये उत्पादन सुरू झाले. खाणी आणि कारखाने आले की त्यांच्यामागोमाग कामगार, ट्रकचालक, भाड्याच्या खोल्या, खानावळी, दुकाने येतात. घरे वाढतात, घरागणिक संडास होतो आणि संडासागणिक जमिनीत एक टाकी. गाव शहरासारखे वाढत जाते, पण कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो आणि मैल्याची सारी भिस्त घरामागच्या सेप्टिक टँकवर असते.

ही टाकी भरली की काय होते, तिच्यातून बाहेर पडणारे पाणी कुठे जाते, हे आपण सहसा विचारत नाही. झाकण बसवले, वर फरशी टाकली, विषय संपला. जमिनीखाली मात्र तो संपत नाही. मुकुटबनसारख्या ठिकाणी तर तिथूनच सुरू होतो, कारण सिमेंट कारखान्याला इथे आणणारा चुनखडीचा खडक सेप्टिक टँकसाठी मात्र अत्यंत गैरसोयीचा आहे.

टाकी काय करते, काय करत नाही

सेप्टिक टँक म्हणजे मैला नाहीसा करणारे यंत्र, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ती एक निवळण टाकी असते. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधले गढूळ पाणी दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. तळाच्या गाळाचे जिवाणू हळूहळू विघटन करतात, त्यामुळे त्याचे आकारमान घटते, पण तो संपत नाही. दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. उपसला नाही तर टाकीत पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि आत आलेला मैला जवळपास तसाच बाहेर जातो. झाकण उघडून पाहिल्याशिवाय हे घरच्यांना कळतही नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नीट बांधलेल्या, वेळेवर उपसलेल्या टाकीतून बाहेर पडणारे पाणीसुद्धा शुद्ध नसते. त्यात अतिसार, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू असू शकतात आणि मूत्रातून आलेला नत्र तर असतोच. हे पाणी शुद्ध करण्याचे काम टाकीचे नाही, तिच्या पुढच्या मातीचे आहे. शोषखड्ड्यातून पाणी मातीच्या बारीक कणांमधून सावकाश झिरपते. तिथे जंतू अडकतात, मरतात, मातीतले सूक्ष्मजीव बाकीची घाण खातात. म्हणजे सेप्टिक टँकच्या व्यवस्थेचा अर्धा भाग सिमेंटचा आणि अर्धा मातीचा असतो. गवंडी पहिला अर्धा भाग बांधून देतो. दुसरा जमीन जशी असेल तसा मिळतो.

आपल्याकडे पहिला अर्धा भागही अनेकदा धड नसतो. ‘टाकी जेवढी मोठी तेवढी चांगली, मग पिढीभर उपसायला नको,’ असे म्हणत लोक मोठाले खड्डे खोदतात आणि पाणी मुरावे म्हणून तळ बांधतच नाहीत. अशा टाकीला सेप्टिक टँक म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. ती न भरण्याचे कारण एकच, तिच्यातला मैला भूजलात जात असतो. दुसऱ्या टोकाला, शोषखड्डा न करता टाकीचे पाणी सरळ रस्त्यालगतच्या नालीत सोडलेले असते. गाव हागणदारीमुक्त झाल्याचा फलक वेशीवर असतो आणि हागणदारी नालीतून वाहत असते.

काळी माती, चुनखडी आणि भेगा

आता मुकुटबनच्या जमिनीकडे पाहू. वर बऱ्याच ठिकाणी कापसाची काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी पिणे बंद करते, त्यामुळे ऐन पावसात शोषखड्डे तुंबतात. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या भेगांमधून पाणी मातीच्या कणांशी न भिडता थेट खाली उतरते. म्हणजे वर्षातले काही महिने गाळणी तुंबलेली आणि काही महिने फाटलेली.

मातीखाली काय आहे ते गावाच्या या टोकाला आणि त्या टोकाला वेगळे असू शकते. या पट्ट्यात दख्खनचा काळा पाषाण आहे, कोळसा देणारे गोंडवाना खडक आहेत आणि पैनगंगा समूह म्हणून भूशास्त्रात ओळखला जाणारा अतिप्राचीन चुनखडकही आहे. चुनखडकाचा गुणधर्म असा की, किंचित आम्लधर्मी पाणी त्यातल्या फटी विरघळवत, रुंद करत जाते. कालांतराने खडकात वाटा तयार होतात. अशा वाटेने जाणारे पाणी झिरपत नाही, वाहते. मातीतून काही मीटर जायला ज्या पाण्याला महिने लागले असते, ते इथे काही तासांत किंवा दिवसांत दूरवरच्या विहिरीत पोहोचू शकते. वाटेत गाळणारे काहीच नसते.

हे नवे ज्ञान नाही. सेप्टिक टँकसाठीच्या आयएस २४७० या भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि शोषखड्डा यांच्यात किमान १८ मीटर अंतर ठेवायला सांगितले आहे. चुनखडीच्या किंवा भेगाळलेल्या खडकात तर पाणी जमिनीत मुरवण्याची पद्धतच वापरू नये, कारण खडकातल्या वाटांनी प्रदूषण दूरवर जाऊ शकते, असेही हेच मानक सांगते. अशा ठिकाणी टाकीतले पाणी जैविक गाळणीतून नेऊन शुद्ध करायला हवे. आपल्या गावांत संडासाच्या अनुदानासाठी फोटो मागितला गेला, आधार क्रमांक मागितला गेला. खाली खडक कोणता आहे, हे मात्र कुठल्याच अर्जात विचारलेले नव्हते.

असा खडक आणि अशा टाक्या एकत्र आल्यावर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. ओहायो राज्यातले साउथ बास हे ईरी सरोवरातले पर्यटकांचे आवडते बेट चुनखडकावर वसलेले आहे. २००४ च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे १,४५० माणसे अतिसाराने आजारी पडली. रुग्णांमध्ये एक नाही, अनेक प्रकारचे जंतू सापडले. सेप्टिक व्यवस्थांमधले आणि इतर सांडपाणी खडकातल्या वाटांनी विहिरींत पोहोचले होते. त्याआधी २००० मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन गावी मुसळधार पावसानंतर शेणखतातले जंतू भेगाळलेल्या खडकातून गावाच्या विहिरीत उतरले. सात माणसे दगावली आणि दोन हजारांवर आजारी पडली. 

उथळ पाण्यात जंतू, खोल पाण्यात फ्लोराइड

यवतमाळच्या या दक्षिण पट्ट्याची अडचण दुहेरी आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेटचा त्रास अधिक असलेल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा, बुलडाणा, अमरावती यांच्या जोडीला यवतमाळचेही नाव आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, अशी मर्यादा आहे. त्यापलीकडे गेलेले पाणी बाटलीच्या दुधात मिसळून तान्ह्या बाळाला दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकते. नायट्रेट शेतातल्या युरियातून येते, उकिरड्यातून येते आणि संडासाच्या टाक्यांतूनही येते. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. जंतूंसाठी टाकलेल्या टीसीएल पावडरीचाही त्याच्यावर परिणाम होत नाही.

मग विहीर सोडून खोल बोअर घ्यावी, असे कुणी म्हणेल. तसे झालेही. पण या जिल्ह्यातल्या अनेक गावांत खोल पाण्यात फ्लोराइड आहे. त्याची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅम. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि पुढे सांधे, पाठीचा कणा आखडतो. म्हणजे वरचे पाणी घ्यावे तर मैल्याची भीती आणि खालचे घ्यावे तर फ्लोराइडची. घरापुरती टाकी आणि घरापुरती बोअर या दोन खासगी उपायांनी हा पेच सुटत नाही. प्रत्येक जण आपापल्या अंगणात टाकीही खोदतो आणि बोअरही खोदतो, आणि दोन्हींच्या खाली पाणी एकच असते.

म्हणूनच तपासलेल्या, शुद्ध केलेल्या पाण्याची सार्वजनिक नळयोजना या भागात चैनीची बाब नाही. ती आरोग्यसेवाच आहे. जलजीवन मिशनने २०१९ पासून प्रत्येक ग्रामीण घराला माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते योग्यच होते. पण नळ जोडताना एक प्रश्न मागे राहिला.

पाणी आत आले, बाहेर कसे जाणार?

साधा हिशेब करू. हजार घरांचे गाव, घरात सरासरी पाच माणसे धरली तर माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज पावणेतीन लाख लिटर पाणी गावात येईल. त्यातले साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नियोजनात धरतात. म्हणजे रोज २ लाख २० हजार लिटर. दहा हजार लिटरचे बावीस टँकर रोज सकाळी गावात येऊन रस्त्यावर रिकामे झाले तर जे दिसेल, तेवढे हे पाणी. हंड्याने पाणी आणणारी बाई ते जपून वापरत होती. नळ आल्यावर घरात मोरी होते, फ्लशचा संडास होतो, धुण्याचे यंत्र येते. ज्या टाकीत दिवसाला चार बादल्या पाणी जात होते तिच्यात दहा-बारा जाऊ लागतात. गाळ बसायला उसंत मिळत नाही आणि टाकी ढवळून बाहेर ओतली जाते. मोरीचे आणि धुण्याचे पाणी नालीत जाते, ते वेगळेच.

त्यातच नळाचा पाइप अनेकदा त्याच नालीतून किंवा तिच्या कडेने नेलेला असतो. पाणी दिवसातून तासभर, कुठे दिवसाआड सुटते. पाणी बंद झाले की पाइपात पोकळी निर्माण होते आणि सैल जोडातून नालीतली घाण आत ओढली जाते. काळ्या मातीत जमीन फुगते-आक्रसते, त्यामुळे मुरमाचा थर न देता टाकलेले पाइप जोडापाशी सुटतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीत आलेला गढूळपणा त्याची खूण असते. इचलकरंजीत २०१२ मध्ये पसरलेली काविळीची साथ आरोग्य खात्यातल्या लोकांना आठवत असेल. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्यावर पसरणारी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.

सेवेच्या आधी सीमा वाढली की काय होते, हे पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. सिंहगड रस्त्यालगतची नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. इमारती उभ्या राहिल्या, लोकसंख्या वाढली, पण शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले पाणी पोहोचले नाही. विहिरीचे पाणी क्लोरीन टाकून दिले जात होते. गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण याच भागात एकवटलेले आढळले, रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोविषाणू सापडले, आणि संशय पाण्यावर आला. राज्यात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. गाव कागदावर शहर झाले म्हणून तिथले पाणी शहराचे होत नाही. मुकुटबनची वाढ पाहता हा धडा इथे लागू आहे. नगरपंचायत होईल तेव्हा होईल, पाणी आणि मैला तोवर थांबणार नाहीत.

आणि नळयोजना नुसती असून भागत नाही, ती चालावी लागते. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी, कोयलारी या गावांत नळाचे पाणी बंद असताना लोक उघड्या विहिरीचे पाणी प्यायले आणि हगवणीच्या साथीत माणसे दगावली. एका बंद पंपाची किंमत एवढी असू शकते.

मग भुयारी गटार हवे का?

शहरासारखे भुयारी गटार आणा, ही मागणी अशा वेळी पुढे येते. ती ऐकायला चांगली आहे, पण सरसकट मान्य करण्याजोगी नाही. मोठे गटार स्वतःला स्वच्छ ठेवते ते आतून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. केंद्राच्या नियमावलीत भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, ते उगीच नाही. ५५ लिटरवर असे गटार बांधले तर उतार असूनही मैला मधेच बसेल, चेंबर तुंबतील आणि ते साफ करायला पुन्हा माणूस उतरवला जाईल. खडकात खोल चर खणण्याचा खर्च, शुद्धीकरण केंद्राचे वीजबिल आणि चालवायला लागणारे तंत्रज्ञ हे एका ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे आहे. बंद पडलेले केंद्र हे न बांधलेल्या केंद्रापेक्षा वाईट, कारण मग गावभरचा मैला एकाच ठिकाणाहून नाल्यात जातो.

पण म्हणून ‘सेप्टिक टँक आहेतच, वेगळे काही नको’ हेही उत्तर नाही. या दोन टोकांच्या मधे बरीच जागा आहे.

पहिले काम पाण्याचे. ज्या घरांची पिण्याची विहीर किंवा हातपंप कुणाच्याही शोषखड्ड्यापासून १८ मीटरच्या आत आहे, त्यांची यादी ग्रामपंचायतीने करावी. मोजपट्टी घेऊन गेले तर आठवड्याचे काम आहे. नळजोडणी आधी या घरांना द्यावी. बांधलेला संडास हलवण्यापेक्षा पिण्याचा स्रोत बदलणे स्वस्त आणि सोपे असते. चुनखडीवर १८ मीटरचे अंतरही पुरेसे मानता येत नाही, त्यामुळे यादी इथून सुरू होते, इथे संपत नाही.

दुसरे काम दाट वस्तीचे. बाजारपेठ, बसथांब्याचा परिसर, भाड्याच्या खोल्यांची चाळ अशा भागांत घरांची टाकी तशीच ठेवून तिच्यातले निवळलेले पाणी कमी व्यासाच्या नळीने एकत्र न्यायची पद्धत आहे. जड मैला टाकीतच राहत असल्याने या नळ्या तुंबत नाहीत, त्यांना खोल चर आणि मोठा उतारही लागत नाही. शेवटी वनस्पतींची पाणथळ खाचरे किंवा स्थिरीकरण तळी करून ते पाणी शुद्ध करता येते आणि शेतीला देता येते. विजेवर त्यांचे फारसे अडत नाही. इथे मात्र एक अट पाळायला हवी, पाण्याची नळी वर आणि सांडपाण्याची तिच्याखाली, दोहोंत पुरेसे अंतर ठेवून. आज रस्ता खोदून नळाचा पाइप टाकायचा आणि दोन वर्षांनी तोच रस्ता सांडपाण्यासाठी फोडायचा, हा खर्च आपण डोळ्यांदेखत करत असतो. दोन्ही आराखडे एकाच वेळी व्हायला हवेत.

तिसरे काम विखुरलेल्या वस्त्यांचे. कोलाम पोडांसारख्या लहान वस्त्यांना गटार नेण्यात अर्थ नाही. तिथे खडक खोल असेल आणि माती चांगली असेल तर दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातल्या मैल्याचे वर्ष-दीड वर्षात खत होते. जिथे खडक वर आलेला आहे तिथे मानकाने सुचवलेली गाळणी बसवावी आणि त्यासाठी जादा अनुदान द्यावे. मोरीच्या पाण्यासाठी नांदेड जिल्ह्यात गाजलेले ‘मॅजिक पिट’ अनेक गावांनी केले, डास घटले. पण तो खड्डा मोरीच्या पाण्याचा आहे, संडासाचा नाही, हा फरक विसरता कामा नये.

टाकी कोण उपसणार?

चौथे काम सर्वांत दुर्लक्षित आहे. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा इथे सेप्टिक टँक साफ करताना पाच जणांचा जीव गेला. टाकीत साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू एक-दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. माणसाला संरक्षणाशिवाय अशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. तरीही गावात टाकी तुंबली की यंत्राच्या गाडीऐवजी माणूसच शोधला जातो, कारण गाडी जिल्ह्याच्या ठिकाणाहून येते, महाग पडते आणि उपसलेला मैला रात्री कुठल्या तरी नाल्यात ओतून जाते.

याला महाराष्ट्रातच उत्तर सापडले आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने शहरातल्या सगळ्या टाक्या ठरलेल्या वेळापत्रकाने, साधारण तीन वर्षांतून एकदा, यंत्राने उपसण्याची पद्धत सुरू केली. तुंबल्यावर फोन करायचा नाही, पाळी आली की गाडी येते. दरवेळी हजारोंचे बिल नाही, घरपट्टीबरोबर थोडा स्वच्छता कर. गोळा केलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो. भुयारी गटाराविना मैल्याची व्यवस्था करता येते, हे या दोन गावांनी दाखवले. एकट्या मुकुटबनला असे केंद्र परवडणार नाही, पण झरी, पाटणबोरी, मारेगाव, वणी, पांढरकवडा यांनी मिळून एक केंद्र आणि दोन-तीन गाड्या चालवणे अशक्य नाही. त्यासाठी जिल्हा परिषदेने पुढाकार घ्यायला हवा.

पैसा आहे, हिशेब मागा

निधी नाही, असे म्हणता येणार नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्यापेक्षा मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंत निधीची तरतूद झाली, मैलागाळासाठी वेगळी. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला. मुकुटबनच्या हाताशी तर आणखी एक स्रोत आहे. खाणपट्टाधारकांकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा खाणबाधित गावांसाठीच असतो आणि त्याच्या नियमांत पिण्याचे पाणी व स्वच्छता यांना अग्रक्रमाचे स्थान आहे. ज्या चुनखडीमुळे शोषखड्डे कुचकामी ठरतात, तिच्याच स्वामित्वधनाशी जोडलेल्या पैशातून सांडपाण्याची व्यवस्था होणे यापेक्षा न्याय्य काय असेल? प्रवेशद्वारे, सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक यांच्या आधी ती व्हायला हवी.

‘आम्ही टाकी स्वतःच्या पैशाने बांधली, आता आणखी कर का भरायचा?’ हा प्रश्न ग्रामसभेत उठेल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, टाकी तुमच्या अंगणात असली तरी तिच्यातले पाणी तुमच्या अंगणात थांबत नाही. तुमची टाकी शेजाऱ्याच्या विहिरीत आणि शेजाऱ्याची तुमच्या बोअरमध्ये उतरते. मात्र ज्यांची ऐपत नाही त्यांना जोडणीचा खर्च माफ असायला हवा, आणि कर घेण्याआधी गाडी दारात आलेली दिसायला हवी. सेवा आधी, पावती नंतर.

तोवर घरोघरी काही गोष्टी करता येतात. टाकी शेवटची कधी उपसली ते लिहून ठेवा, तीन वर्षे उलटली असतील तर यंत्रानेच उपसून घ्या. नवी टाकी बांधताना तळ पक्का करा आणि वायू जाण्यासाठी नळी उंच ठेवा. पिण्याच्या विहिरीची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर करून घ्या. जंतूंची, नायट्रेटची आणि फ्लोराइडची तपासणी वेगवेगळी असते, एकीवरून दुसरीचा निष्कर्ष काढता येत नाही. बाळाच्या दुधासाठी नायट्रेट तपासलेले पाणी वापरा. गावात जलसुरक्षक आहे, पाणी तपासायचे संच आहेत, स्रोतांच्या पाहणीवरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाला यंदा कोणते कार्ड मिळाले, हे किती जणांना ठाऊक आहे?

येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. कार्डाचा रंग कोणता आणि का? १८ मीटरच्या आतल्या स्रोतांची यादी कधी होणार? आणि नळयोजनेच्या आराखड्यात सांडपाण्याचे पान कितवे आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर ते पान जोडल्याशिवाय पुढच्या टप्प्याच्या कामाला ठराव देऊ नये. घरात पाणी आणणारी योजना ते पाणी सुरक्षितपणे बाहेर नेत नसेल, तर ती अर्धीच आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत गावातली मुले आजारपणाने मोजत राहतील.